वानरं जेवल्याशिवाय

चंद्रपूरच्या परकोटाला मोठे दरवाजे आहेत तशा लहान खिडक्याही आहेत. नाव खिडकीचं, पण बैलबंडी आरामात निघेल एवढी ती वाट. अशाच एका खिडकीला लागून, भिंतीच्या कोनाड्यात, शेंदूर चढलेला मारुती उभा आहे आणि त्याच्यापासून सहावं घर बायनाबाईचं. कौलाच्या दोन खोल्या, मागं परसाची सांदवाडी, सांदवाडीत एक सीताफळाचं झाड, आणि कुडापलीकडं लगेच परकोट. त्या परकोटावर वानरांची टोळी राहायची.

बायनाबाईचा नवरा सोमाजी कोळशाच्या खदानीत होता. पोटी मूल नव्हतं. सकाळी तो डबा सायकलला अडकवून पहिल्या पाळीला गेला, की ती रात्री भिजत घातलेली लाखोळीची डाळ परातीत काढायची, पदर खोचायची आणि मारुतीपुढं जाऊन हाक द्यायची, "या रे बापहो, याऽऽ!" भिंतीवरून काळी तोंडं सरसर खाली उतरायची. आधी तो मोठा हुप्प्या, मग कान फाटलेली एक म्हातारी वानरी, मग पोटाशी पिलं धरलेल्या चौघी-पाचजणी. सगळी मिळून अकरा. शनिवारी लाखोळीसोबत गुळाचा रोट. त्यांचं झालं की रिकामी परात कडेवर घेऊन ती घरी यायची आणि मग स्वतःच्या तोंडात घास घालायची. त्याआधी पाणीसुद्धा नाही.

गल्लीला वाटायचं, बाई भाविक आहे. सोमाजीलाही तेच वाटायचं. तो थट्टा करायचा, "मले शिळी भाजी आन् वांदरायले गुळाचा रोट! पुढच्या जन्मी शेपूट घेऊनच येतो बाप्पा."

ती हसायची. खरी गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती.

आठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात खदानीत छत बसलं होतं. सोमाजी धरून तिघं आत अडकले. गल्लीतल्या बाया खदानीच्या फाटकावर जाऊन बसल्या. बायनाबाई गेली नाही. पाय तिकडं वळेचनात. ती मारुतीपुढं उभी राहिली. वर भिंतीवर ही वानरं बसलेली, उन्हानं मलूल होऊन. तिच्या तोंडून शब्द निघून गेला, "माह्या माणसाले वर आण, देवा. तो खदानीत उतरते तोवर, तुह्या या लेकरायले माह्या हातानं जेवू घातल्याबिगर मी घास घेनार नाई." दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघं जिवंत निघाले. त्यातला एक सोमाजी. तिसऱ्याला चादरीत आणलं.

हे नवऱ्याला सांगायचं कसं? रोज जमिनीच्या पोटात उतरणारा माणूस. त्याच्या वाटेत मरणाचं नाव काढू नये म्हणून खदानवाल्यांच्या बाया डब्यात मीठ विसरलं तरी मागून हाक मारत नाहीत. तुझा जीव माझ्या परातीला बांधला आहे, हे त्याच्या कानात घातलं तर खाली गेल्यावर तो छताकडेच बघत बसेल, आणि वर बघणाऱ्या माणसाचा हात चुकतो. म्हणून ती गप्प राहिली. आठ वर्षं गप्प राहिली.

त्या गप्प राहण्याचे हाल तिलाच ठाऊक. ताप असला तरी सरपटत जायचं. सिंदेवाहीला माहेर, पण आठ वर्षांत एक रात्र तिनं तिथं काढली नाही; सकाळी तिथं वानरं कुठून आणायची? आई गेली तेव्हाही ती मातीला पोचली आणि शेवटच्या एसटीनं परत आली. भाऊ बसस्टँडवर म्हणाला, "बाई, असं काय हाय तुह्या घरी? ना लेकरू ना ढोर." तिनं खिडकीतून तोंड फिरवलं. त्यानंतर भावानं राखीलाही बोलावलं नाही.

सन चौऱ्याऐंशीच्या आश्विनात नगरपालिकेचा रिक्षा भोंगा लावून गल्लीत शिरला. वानरांना खायला देऊ नका, दिल्यास कारवाई होईल. मारुतीच्या शेजारी पत्र्याची पाटी ठोकली. तो वन्यजीव सप्ताहाचा आठवडा होता, म्हणून जंगल खात्याचा गार्डही आला होता. खुशाल त्याचं नाव. ताडोब्याच्या जंगलालगतच्या मोहर्लीकडचा, बौद्ध घरातला, पंचविशीतला पोरगा, खाकी कपडे, हातात गुंडाळलेली चित्रं. त्यानं चित्रं खिडकीच्या दगडांवर टांगली, बाया-पोरं गोळा केली आणि छडीनं दाखवायला लागला. हे वानर पिंपळाचा कोंब खाते. हे चिचेचा पाला खाते. हे घरात घुसून भाकर पळवते, ते काऊन?

बायनाबाई परात कडेवर घेऊनच उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"मावशी, तुमची माया मले समजते. पन पिलू कोनापासून शिकते? मायपासून. माय झाडावर गेली, तं पिलू झाडावर जाते. माय परातीपाशी बसली, तं पिलू परातीपाशीच बसनार. उद्या तुमी बिमार पडल्या तं ह्या लेकरायले पाला कोनता खावा हेबी समजनार नाई. मंग ते घास मागत नाई, हिसकून घेते."

"जंगल तोडलं कोनं, भाऊ?" बायनाबाई म्हणाली. "मी तोडलं? आमी आपला मूठभर दाना टाकतो, तं आमालेच पाटी?"

बाया हसल्या. खुशालही हसला. "तोडनाऱ्याले पाटी लावता आली असती, मावशी, तं पयले तिथंच लावली असती."

"तुमी देव मानत नाई. तुमाले काय सांगू?"

"मी नाई मानत," तो शांतपणे म्हणाला. "पन माही आजी मानत होती. हातानं घास भरवे मले. पन मी वीस वर्साचा होईतोवर नाई भरवला तिनं."

तिनं परात दुसऱ्या कडेवर घेतली. बाया पांगल्या. शेजारच्या नीलाबाईला थोडं वाचता यायचं. तिला हात धरून बायनाबाईनं पाटीपाशी उभं केलं. "नीट वाच व बाई. एकेक अक्षर वाच."

नीलाबाईनं बोट ठेवत वाचलं. रस्त्यावर, परकोटावर व देवळाच्या आवारात वानरांना खाद्य देण्यास मनाई आहे.

"घराचं नाव हाय का?"

"घराचं? नाई. घरात कोन वांदरायले जेवू घालते व!"

बायनाबाईच्या छातीवरचा दगड उतरला. रस्त्यावर टाकलं तर ते खाद्य. घरात पान मांडून वाढलं तर ती पंगत. पंगतीला बोलावलेल्या पाहुण्याला कोणती पाटी अडवणार? तिचा शब्दही राहिला आणि सरकारचाही राहिला. तिला मनापासून वाटलं, मारुतीरायानंच ही वाट दाखवली.

दुसऱ्या सकाळी तिनं सांदवाडीचं दार उघडलं आणि हलक्या आवाजात हाक दिली. चार-पाच दिवस पळसाच्या पानांवर सांदवाडीतच वाढलं. पण परकोटावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांदवाडी दिसायची, म्हणून तिनं पंगत आत घेतली. स्वयंपाकाच्या खोलीत, सारवलेल्या जमिनीवर, चुलीसमोर अकरा पानं. पहिल्या दिवशी वानरं उंबऱ्याशी थबकली. आत चूल, धूर, भांडी. तिनं हुप्प्याच्या पुढं पान सरकवत सरकवत त्याला आत नेलं. मग मागची सगळी आली आणि शहाण्या लेकरांसारखी पानापानाला बसली. कान फाटलेल्या म्हातारीनं तर तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बायनाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. देवाची लेकरं आपल्या चुलीपुढं जेवतात, याहून आणखी काय हवं? दिवाळीत तिनं त्यांच्या पानांभोवती रांगोळी काढली.

आठ वर्षं त्या वानरांना भिंतीखालचा दगड ठाऊक होता. दीड महिन्यात त्यांना नवीन गोष्ट कळली: जिथं धूर निघतो आणि दार उघडं असतं, तिथं आत जायचं असतं.

आधी नीलाबाईचं पीठ सांडलं. मग कोणाच्या उतरंडी फुटल्या. कोणाचं वरण चुलीसकट उपडं झालं. लोक म्हणाले, वांदरं माजली. कोणाला कारण उमजलं नाही. बायनाबाईला उमजलं, पण तिनं ते मनाच्या तळाशी ढकललं. कार्तिक संपता संपता नीलाबाईची सून कमला बाळंतीण झाली. बारशाच्या सकाळी कमला चुलीपाशी शेकत बसली होती, पोर मांडीवर. हुप्प्या आत आला आणि तिच्यापुढं येऊन बसला, पान वाढायची वाट पाहत असल्यासारखा. कमला ओरडली, पोर उचलून उठायला गेली. तो घाबरला आणि त्यानं तिच्या दंडात दात रोवले.

दवाखान्यातून आल्यावर नीलाबाई बायनाबाईच्या दारात उभी राहिली. तिनं आवाजही चढवला नाही.

"माह्या सुनेनं सांगतलं मले. तो धावून नाई आला. मांडी घालून बसला म्हने समोर, पाव्हन्यावानी. त्याले हे कोनं शिकवलं व, बायने?"

बायनाबाईनं उंबऱ्याला हात टेकला.

"तूच तं पाटी वाचून घेतली माह्याकून," नीलाबाई म्हणाली. "म्या म्हटलं, घरात कोन जेवू घालते. तवा तुह्या तोंडाकडं पाह्याले पायजे होतं मी."

त्या दिवसापासून गल्लीची दारं लागली. भर दुपारी कड्या. पोरं घरात कोंडलेली, बाया काठी घेऊन नळावर. बायनाबाईशी कोणी बोलेना. तिनंही दार लावलं. पण पाहुण्यांना कोण सांगणार? उजाडलं की वानरं तिच्या छपरावर उतरायची, कौलं उचकायची, खिडकीच्या गजांतून काळे हात आत यायचे. बाहेर गल्ली, वर वानरं, आत ती. दार उघडावं तर गल्लीचा गुन्हा, न उघडावं तर देवाचा. ती गजांतून मूठ मूठ लाखोळी त्या हातांवर ठेवायची. अकरा हात मोजायची. मग अंधाऱ्या खोलीत भाताचा घास घ्यायची आणि तो घशाखाली जाताना कमलाचं ओरडणं ऐकू यायचं.

नळावरच्या बोलण्यात एक दिवस तिच्या कानावर आलं की कणकेत उंदराचं औषध कालवून ठेवायचं ठरत आहे. सोमाजीनं सांगितलं, हो, गडीमाणसं तसं बोलतात. "आन् ठेवतील तुह्याच दारात," तो म्हणाला. "बाकी कोनाच्या हातचं ते खातील का?"

दुसऱ्याच दिवशी खुशाल आला. सोबत लोखंडी पिंजरा घातलेला ट्रॅक्टर आणि लच्छू नावाचा वानरं धरणारा, पिकल्या मिशांचा, सदा पान चघळणारा. खुशालनं गल्लीला चौकात बोलावून स्वच्छ सांगितलं की वानर मारणं गुन्हा आहे, औषध घातलं तर बेड्या पडतील. टोळी धरून मोहर्लीच्या पलीकडं जंगलात नेऊन सोडू. पिंजरा मारुतीजवळच्या मोकळ्या जागेत ठेवला. एका बाजूला वरून पडणारं दार, त्याची दोरी लच्छूच्या हातात. मागच्या बाजूला माणूस वाकून निघेल एवढं छोटं दार. आत केळी, चणे. तीन दिवस एक वानर फिरकलं नाही.

लच्छू पिंक टाकून म्हणाला, "साहेब, ह्या जनावरायले पिंजरा नाई पायजे. बाई पायजे."

"कोनती बाई?"

"जिच्या घरी जेवतात ते. ती आत बसून वाढन, तं हे लायनीत येतील. मी लाडू ठेवला तरी माह्या तोंडाकडं पाह्यत नाई. आता माह्या तोंडाकडं तं माही बायकोबी पाह्यत नाई, ते वेगळं."

खुशालनं बायनाबाईला विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं कारण विचारलं. ती परात घासायला बसली. सोमाजी पाळीवरून आला, अंगावरचा कोळसा न धुता तिच्यापुढं उभा राहिला. "गल्लीत तोंड दाखवाले जागा नाई राह्यली मले. काऊन नाई म्हनतेस? देवाचे असतील, तं जंगलातबी देवच हाय. बोल नं!"

ती चुलीत फुंकर घालत राहिली. तुझ्यासाठीच, एवढा एक शब्द ओठापर्यंत आला आणि तिनं तो धुरासकट गिळला. वानरं गेली, तर उद्या सकाळी कोणाला वाढू? नाही वाढलं तर तू उतरशील कोणाच्या भरवशावर?

दिवेलागणीला ती उठली आणि शेजारी नीलाबाईच्या मागच्या दारात गेली. आत कोणी या म्हटलं नाही. कमला भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात खांद्यापर्यंत पट्टीत. पोर रडत होती. कमलाला तिला उचलून धरता येत नव्हतं. नीलाबाईनं पोरीला दोन्ही हातांनी कमलाच्या छातीशी लावून धरलं होतं. पोर तोंड लावायची, नीलाबाईचा हात अवघडून हलला की सुटायची, पुन्हा रडायची. कमलानं तोंड बाजूला फिरवलं होतं. बायनाबाई कितीतरी वेळ उभी होती. मग ती परत आली आणि खुशालला निरोप पाठवला, मी बसते.

सहा दिवस ती पिंजऱ्यात बसली. मागच्या दारानं वाकून आत जायचं, अकरा पानं मांडायची, परात मांडीशी घ्यायची. पहिल्या दिवशी वानरं भिंतीवरूनच बघत राहिली. माणसं मात्र जमली. "तिकीट ठेवा हो, ताडोब्यापेक्षा गर्दी हाय!" असं कोणी म्हणालं. तिला आत गेल्यावर पहिल्यांदा दिसलं ते डोक्यावरचं पत्र्याचं छत, हाताला लागेल एवढं खाली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं सोमाजीला आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "अजी, ते दोन दिवस आत कसे काढले?"

तो जेवता जेवता थांबला. "काढले. हवा होती. पानी टिपकत होतं. वर कोनी ठोकते का, ते आयकत बसलो." आणि पुन्हा जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी वानरी आत आली. तिसऱ्या दिवशी तिघी. पाचव्या दिवशी सगळी आली, एक हुप्प्या सोडून. तो दारातच बसायचा, अर्धा आत अर्धा बाहेर. आत येतील त्यांना पानावर, बाकीच्यांना गजांतून, रोज तिच्याच हातचं मिळत होतं, म्हणून तीही रोज जेवत होती, पण अन्नाला चव नव्हती; ज्यांच्या जेवणावर तिचं जेवण, त्यांना ती फसवत होती. मारुतीकडं पाठ येईल असं तिनं पिंजऱ्यात बसणं ठेवलं होतं. समोर तोंड करून बसायचा धीर झाला नाही.

सहाव्या दिवशी शनिवार होता. तिनं रोट केला होता. त्याच्या वासानं हुप्प्या आत आला, आपल्या पानावर बसला. लच्छूनं दोरी सोडली.

दार पडल्याचा आवाज परकोटावरून फिरून आला. मग पिंजऱ्यात जे झालं ते बघणाऱ्यांनाही बघवलं नाही. अकरा जनावरं छताला, गजांना, एकमेकांना आपटत होती. बायनाबाई पदर डोक्यावरून ओढून, परात पोटाशी धरून कोपऱ्यात बसली. कोणाची तरी नखं तिच्या पाठीत गेली. आणि ती कान फाटलेली म्हातारी तिच्या कुशीत शिरली, तिच्या लुगड्याला घट्ट धरून, तिच्या मानेत तोंड खुपसून. तिला वाटलं होतं, ही बाई वाचवेल. खुशालनं मागचं दार उघडून बायनाबाईला बाहेर ओढलं तेव्हा वानरीची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती बायनाबाईनंच सोडवली.

ट्रॅक्टर मोहर्लीच्या रस्त्याला लागला. गल्लीनं दारं उघडली. नीलाबाई आली, तिची पाठ पुसून हळद लावली आणि गेली.

सवयीनं त्या रात्रीही लाखोळी भिजली. सकाळी सोमाजी पाळीला गेला आणि बायनाबाई परात घेऊन दारात उभी राहिली. भिंत रिकामी. तिनं हाकही दिली. मग परात खाली ठेवली, चूल विझवली आणि अंग चोरून बसली. चार वाजेपर्यंत ती तशीच होती. सायकलची घंटी वाजली तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला, पण जेवली नाही. जेवायचं कसं? दुसऱ्या दिवशी मारुतीला कौल लावला. उजव्या खांद्यावर एक फूल, डाव्या खांद्यावर एक. उजवं पडलं तर सुटलीस. दोन्ही फुलं दुपारपर्यंत जिथल्या तिथं. देव काही बोलायला तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी ती नळावर पडली. नीलाबाईनं धरून घरी आणली. सोमाजी आला, त्यानं गुळाचं पाणी पुढं केलं. तिनं तोंड मिटून घेतलं.

"मरतेस का आता? काय हाय हे, सांग तं खरं!"

आणि अंगात त्राण नव्हतं म्हणा, की आठ वर्षांचं ओझं म्हणा, तिनं सगळं सांगून टाकलं.

सोमाजीनं आधी हसून घेतलं. "एवढंच होय?" म्हणाला. मग हसणं थांबलं. तो खाटेवर बसला. "म्हंजे मी इतके दिवस…" म्हणाला आणि वर कौलांकडं बघू लागला. नीलाबाई दारातच होती. ती म्हणाली, "अवो बायने, जंगलात ते जेवतच असतील नं! त्याईच्या पोटात घास गेला, झालं तुहं."

"पाला झाडाचा," बायनाबाई म्हणाली. "शब्द माह्या हातचा होता."

दुसऱ्या सकाळी सोमाजीनं सायकल दारापर्यंत नेली आणि परत आत आणून भिंतीला लावली. "पाठ भरली हाय," म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही पाठच भरली होती. तो छपराकडं बघत खाटेवर पडून राहायचा. कौल करकरलं की दचकायचा. बायनाबाईनं ते बघितलं आणि तिला आपली चूक दिसली. आठ वर्षं जी भीती तिनं एकटीनं पदराखाली झाकून ठेवली होती, ती आता त्याच्या मांडीवर जाऊन बसली होती. तो खदानीत उतरला नाही, तर शब्द आपोआप संपत होता; ती सुटत होती. पण हा माणूस खाटेवर असा पडलेला, छतावरून डोळा न काढणारा. तो तिकडं दोन दिवस अडकला होता. इथं किती दिवस अडकणार?

सोमाजी घरी बसल्याच्या चौथ्या दिवशी खुशाल सांगायला आला. टोळी जंगलात सोडली तरी पाच दिवस रस्त्याच्या कडेलाच बसून होती, येणाऱ्या बसकडं बघत. काल मात्र वानरी झाडावर चढल्या, पाला खाताना त्यानं स्वतः पाहिल्या. हुप्प्या अजून रस्त्यावरच होता.

"आन् ते म्हातारी? कान फाटलेली?"

खुशालनं टोपी हातात फिरवली. "ते नाई दिसली, मावशी. मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बायनाबाईनं चूल पेटवली. भात टाकला, लाखोळीचं वरण केलं, सोमाजीचा डबा भरला आणि त्याच्यासमोर पितळीत स्वतःसाठी वाढून घेतलं. आठ दिवस पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं. तिनं मारुतीच्या दिशेला एकदा बघितलं, क्षमा मागितली नाही, काहीच मागितलं नाही. घास उचलला.

"अजी, पाहा इकडं."

सोमाजीनं छतावरून नजर खाली आणली. तिनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. काही झालं नाही. कौल करकरलं नाही, अंगावर काही कोसळलं नाही. भात जरा कच्चा होता.

"सुटलं," ती म्हणाली. "आता तुमच्या पाळीचा आन् वांदरायचा काईच संबंध नाई. जा."

हे खोटं होतं. तिला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. पण तो उठून बसला. तिच्या पितळीकडं बघत होता.

"आनखी एक खा."

तिनं आणखी एक खाल्ला. त्यानं कपडे चढवले, डबा घेतला आणि गेला. ती चार वाजेपर्यंत पितळीसमोरून उठली नाही. तो आला, कोळशानं माखलेला, आणि रोजच्यासारखा विचारता झाला, "भाजी काय?"

दुसऱ्या सकाळी डबा सायकलला अडकवून तो दारात थांबला. तिच्या हाताकडं बघत राहिला. ती समजली. पितळीत दोन घास घेऊन तिनं त्याच्या देखत खाल्ले. तो निघाला. तिसऱ्या दिवशी तसंच. तो रोज थांबू लागला, घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत, आणि मगच पायडल मारू लागला. भूक असो नसो, ताप असो, तिला खावंच लागे. वानरांच्या आधी जी घोटभर पाणी घेत नव्हती, तिला आता उजाडताच जेवायची सक्ती झाली.

पौषातल्या एकादशीला तिनं अंघोळ करून तुळशीला दिवा लावला. सोमाजी सायकल धरून उभा होता.

"आज एकादशी हाय, जी," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. सायकल हलली नाही. लांबून खदानीचा भोंगा वाजला, पाळीला वेळ होत होता. त्याच्या हँडलवरच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

बायनाबाईनं तुळशीकडं पाठ केली आणि भाताच्या गंजावरचं झाकण काढलं.